डावं डोकं, उजवा हात

धावड्यात भावकीतल्या एका बारशाला तातेराव पेटी घेऊन बसले आणि दुसऱ्याच गाण्यात त्यांची बोटं चुकली. ढोलकीवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली. लोक हसलेही. पण मांडवाच्या कडेला बसलेल्या गिरिजाबाई हसल्या नाहीत. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या नवऱ्याची पेटी ऐकत होत्या. जयंती असो, बारसं असो, कोणी वारल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, तातेरावांची भीमगीतं असायचीच, आणि एक सूर कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. आज डावा हात भाता बराबर मारत होता. उजव्या हाताची बोटं मात्र पट्ट्यांवर ओल्या चिंधीसारखी पडत होती.

गिरिजाबाईंना ते दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. त्यांचा उजवा डोळा गेलेला होता आणि डाव्यासमोर कायम धुकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेरावांना भाकरीचा तुकडा मोडता येईना. हातातून पडलेल्या तुकड्याकडे ते बघत राहिले आणि बायकोला म्हणाले, "ते... ते चप्पल दे."

"चप्पल? जेवायच्या टायमाला?"

त्यांनी बोट दाखवलं ते पाण्याच्या तांब्याकडे. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. गिरिजाबाईंनी तांब्या दिला आणि तशाच उठून थोरल्याला फोन लावायला शेजारणीकडे गेल्या. थोरला राजानंद भोकरदनला मोटारी रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. गावातल्या कारभारी नावाच्या ड्रायव्हरची जीप करून त्यानं आईवडिलांना आधी भोकरदनच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी तातेरावांना दोन्ही हात पुढं धरायला सांगितले. उजवा हळूहळू खाली आला. डॉक्टर म्हणाले, "इथं थांबू नका. जालन्याला न्या, डोक्याचा फोटो काढावा लागेल."

धाकटी अक्षता वाटूरच्या शाळेत मराठी शिकवायची. तिला निरोप मिळाला तेव्हा ती फळ्यावर विशेषणांचे प्रकार लिहीत होती. खडू तसाच ठेवून ती निघाली. जालन्याच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली.

दवाखान्यात पोचली तर आबा खाटेवर डोळे मिटून पडलेले, माय पायाशी बसलेली आणि दादा खिडकीशी उभा राहून एक मोठी काळी फिल्म उजेडात धरून बघत होता.

"कसे हायेत?"

"डोकं दुखतं म्हणून राह्यले. सकाळपासून दोनदा उलटी झाली." राजानंदनं फिल्म खाली केली. "अक्षता, इथलं काही बराबर वाटंना मला."

तेवढ्यात डॉक्टर अर्पिता आल्या. मेंदूच्या सर्जन. तिशीच्या असतील, केस घट्ट बांधलेले, चालणं भरभर. त्यांनी तातेरावांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तळहातात आपली दोन बोटं देऊन "दाबा, बाबा" म्हटलं आणि सोबतच्या डॉक्टरांना वळून सांगितलं, "लेफ्ट सबड्युरल. कॉन्ट्रालॅटरल वीकनेस. आजच घ्यायचं, थांबायचं नाही." मग घरच्यांकडे वळल्या.

"यांना मागे कधी डोक्याला मार लागला होता?"

गिरिजाबाईंना आठवलं. बऱ्याच दिवसांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये वाकून शिरताना चौकट लागली होती. टेंगूळ आलं, हळद लावली, विसरून गेले.

"तेच. कवटीच्या आत, मेंदूच्या वर, हळूहळू रक्त साचत गेलंय. डाव्या बाजूला. त्याचा दाब पडतोय म्हणून उजवा हात गेला आणि शब्द चुकतात. डोक्याला दोन भोकं पाडून ते रक्त बाहेर काढायचं. ऑपरेशन मोठं नाही, पण उशीर झाला तर..."

दारातून कोणीतरी त्यांना हाक मारली. अपघाताचा पेशंट आला होता. "तुम्ही सही करून ठेवा, मी येतेच," असं म्हणून त्या जवळजवळ धावत गेल्या.

मग गिरिजाबाई म्हणाल्या, "कोणत्या बाजूला म्हणल्या त्या?"

"डाव्या."

"आन् हात तर उजवा गेलाय."

मायच्या मनात काय चाललंय ते अक्षताला न सांगता कळलं. घरातल्या सगळ्यांना ते पाठ होतं. डोळ्यांच्या एका शिबिरात गिरिजाबाई डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला गेल्या होत्या. पट्टी बांधून बाहेर आल्या तेव्हा पट्टी उजव्या डोळ्यावर होती. 'माझा हा डोळा तर चांगला होता' हे त्या सांगत राहिल्या, कोणी ऐकून घेतलं नाही. पुढं त्या चांगल्या डोळ्यात पू झाला आणि तो कायमचा गेला. डाव्याचा मोतीबिंदू आजतागायत तसाच. त्यानंतर त्यांनी एकाही डॉक्टरला डोळ्याला हात लावू दिला नव्हता.

"माय, मेंदूचं वेगळं असतं," अक्षता म्हणाली. आपण हे शाळेत कधीतरी शिकलो होतो असं तिला पुसट आठवत होतं, पण नक्की काय ते आठवेना.

"वेगळं कसं असंन? हे बघ ना." राजानंदनं फिल्म परत खिडकीवर धरली. कवटीच्या गोलाच्या एका कडेला चंद्रकोरीसारखा डाग होता. तो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला होता. "हा डाग कुठं हाये? उजवीकडं. आन् बाई म्हणती डावीकडं. सरळ दिसून राह्यलं अक्षे, तिला डावं-उजवं समजंना."

अक्षतानं फिल्म दोनदा बघितली. डाग उजवीकडेच होता. डॉक्टरांनी एक शब्द वापरला होता, तो तिनं कानात धरून ठेवला होता. मोबाईलवर तिनं तो उच्चारानं शोधला. कॉन्ट्रालॅटरल. मराठीत अर्थ आला: विरुद्ध बाजूचा.

तिनं तो वाचून दाखवला आणि वाचल्याबरोबर तिला पश्चात्ताप झाला.

"विरुद्ध?" राजानंदचा आवाज चढला. "म्हंजे उलट्या बाजूचा? त्या सोताच म्हणून राह्यल्या का उलट्या बाजूला हाये म्हणून!"

अक्षताला वाटलं, थांबवावं. शब्द नुसता 'विरुद्ध' म्हणतोय, पण कशाच्या विरुद्ध? विशेषण एकटं उभं राहत नाही, हे ती रोज पोरांना सांगायची. पण खाटेवर आबा कण्हत होते, समोर ती फिल्म होती आणि मायचा तो पांढुरका डोळा तिच्याकडे रोखलेला होता. तिची जीभ रेटली नाही.

गिरिजाबाई उठल्या. "संभाजीनगरला न्या ह्यांना. तिथं मोठे डॉक्टर हायेत. हितं मी डोकं फोडू देणार न्हाई. बिलकुल न्हाई."

डॉक्टर अर्पिता परत आल्या तोवर राजानंदनं कारभारीला जीप दाराशी लावायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, मग रागावल्या, मग परत समजावलं. पण त्यांनी जितक्या वेळा 'डावी बाजू' म्हटलं तितक्या वेळा गिरिजाबाईंचा चेहरा जास्त दगडासारखा होत गेला. शेवटी डॉक्टरांनी एक सलाईन लावून दिलं आणि अक्षता शिक्षिका आहे हे कळल्यावर तिला बाजूला घेऊन स्वतःचा नंबर दिला.

"रस्त्यात ते उठेनासे झाले, डोळ्यात काही फरक वाटला, तर लगेच मला फोन करा. लाजू नका."

जीपच्या मागच्या सीटवर तातेरावांना आडवं केलं. डोकं गिरिजाबाईंच्या मांडीवर. अक्षता खाली, दोन सीटांच्या मध्ये गुडघ्यावर बसली आणि सलाईनची बाटली वर धरून राहिली. राजानंद पुढे कारभारीशेजारी. जालना मागे पडलं. बाहेर लख्ख ऊन होतं, शेतात माणसं कामं करत होती, रस्त्याकडेच्या टपरीवर कोणी मजेत चहा पीत होतं. आपल्या जीपमध्ये काय चाललंय हे त्यातल्या कोणालाच माहीत नाही, याची अक्षताला भीती वाटली.

"आबा, बोला ना. माझं नाव काय?"

तातेरावांनी डोळे अर्धे उघडले. ओठ हलले. "पो... पोरगी."

"कोणती पोरगी?"

थोड्या वेळानं ते घोरायला लागले. घोरणं झोपेतल्यासारखं नव्हतं. मधेच श्वास अडकायचा, बराच वेळ काहीच नाही, मग खोल घरघर.

"झोपले का?" पुढून राजानंदनं विचारलं.

"दादा, हे झोपणं न्हाई."

तिनं त्यांचा गाल थोपटला, चिमटा काढला. डावा हात किंचित हलला, उजवा नाहीच. गिरिजाबाई नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून हलक्या आवाजात बुद्धवंदना म्हणायला लागल्या. पण शब्द मधेच तुटत होते. "बघ गं डोळ्यात त्यांच्या," त्या म्हणाल्या. "मला दिसत न्हाई. तू बघ."

अक्षतानं पापण्या वर केल्या. आधी उजवी. बाहुली मोहरीएवढी. मग डावी. आणि तिच्या हातातली बाटली खाली आली. डाव्या डोळ्याची बाहुली ज्वारीच्या दाण्याहून मोठी झालेली होती, काळी, भोकासारखी. खिडकीतून ऊन त्यावर थेट पडत होतं तरी ती आकसत नव्हती.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

"मॅडम, मी अक्षता. तातेरावांची मुलगी. आबा उठत न्हाईत. घोरतायत. आणि त्यांच्या एका डोळ्याची बाहुली..."

"डावी," डॉक्टर म्हणाल्या. "डावी मोठी झाली का?"

डावी की उजवी हे अक्षतानं सांगितलं नव्हतं.

"हो, डावी. तुम्हाला कसं कळलं?"

"रक्त डावीकडे आहे म्हणून. अक्षता, नीट ऐका. डोळ्याची बाहुली रक्ताच्या बाजूचीच मोठी होते. हात-पाय जातात ते दुसऱ्या बाजूचे, कारण मेंदूतून निघालेल्या नसा खाली उतरताना एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. डाव्या मेंदूचा उजवा हात. मी कॉन्ट्रालॅटरल म्हणाले ते त्यासाठी. उजवा हात लुळा आणि दोष त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावीकडे. तो शब्द स्वतःहून डावं-उजवं सांगत नाही. कशाच्या विरुद्ध, ते आधी सांगावं लागतं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही."

"पण फिल्मवर डाग उजवीकडे होता."

"फिल्म पेशंट समोर बसल्यासारखी बघायची असते. तुम्ही शिक्षिका आहात ना? वर्गात तुमच्यासमोर बसलेल्या मुलाचा डावा हात तुमच्या कोणत्या बाजूला येतो?"

अक्षतानं डोळे मिटले. तिच्या उजव्या बाजूला. रोजच तर.

"कुठे आहात तुम्ही?"

"बदनापूर आलं."

"मग मागे फिरा. संभाजीनगर अजून लांब आहे. मी थिएटर तयार ठेवते."

"दादा," अक्षता ओरडली, "गाडी थांबवा. मागं फिरायचं. त्या बराबर होत्या. आपन चुकलो."

कारभारीनं जीप कडेला घेतली. राजानंद मागे वळला. "काय बोलतीस? आता इतकं आलो, परत तिथंच?"

"मी न सांगता त्यांनी डोळा सांगितला, दादा. डावाच म्हणल्या. ज्याला डावं-उजवं कळत न्हाई त्याला फोनवरून कसं कळंल?" आणि मग नसांचं जे ऐकलं होतं ते तिनं धाप लागल्यासारखं सांगून टाकलं.

राजानंदची नजर आबांच्या लुळ्या हातावर गेली. "कनेक्शन क्रॉस हाये म्हंजे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. मग आईकडे बघितलं. ती हो म्हटल्याशिवाय जीप हलणार नव्हती.

गिरिजाबाईंनी हात पुढे केला. "फोन दे इकडं."

"मॅडम, मी गिरिजाबाई. माझा उजवा डोळा चांगला होता. डॉक्टरलोकांनी त्याच्यावरच सुरी चालवली. मी सांगून राह्यलते, कोणी ऐकलं न्हाई." त्यांचा आवाज फाटला. "तुम्ही माझ्या मालकाचं चांगलं डोकं तर फोडणार न्हाई ना?"

मग डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, तुमच्यावर अन्याय झालाय. तुम्ही भ्यायलात ते बरोबरच आहे. तुम्ही या. डोक्यावर खूण करताना मी तुमचा हात धरून करीन. पण आत्ता वळा. पुढे गेलात तर ते पोचतील असं मला वाटत नाही."

गिरिजाबाईंनी फोन अक्षताच्या हातात दिला. "कारभारी," त्या म्हणाल्या, "फिरव गाडी. जल्दी फिरव."

परतीचा रस्ता तोच होता, पण अक्षताला त्यातलं काही ओळखू आलं नाही. ती फक्त आबांचा श्वास ऐकत होती. तो थांबला की तिचाही थांबायचा. एकदा तो इतका वेळ थांबला की राजानंदनं मागे वळून "आबा!" अशी किंकाळी फोडली आणि कारभारीच्या हातून गाडी रस्त्याच्या कडेला उतरता उतरता वाचली. मग घरघर परत सुरू झाली.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. डॉक्टर अर्पिता आधी तातेरावांकडे धावल्या, श्वासाची नळी घालायला सांगितली, डोकं भादरायला घेतलं. सगळं चालू असताना त्यांनी गिरिजाबाईंना जवळ बोलावलं, त्यांची बोटं धरून नवऱ्याच्या डोक्यावर डाव्या कानाच्या वर ठेवली आणि शाईच्या पेनानं तिथं फुली केली. "हा त्यांचा डावा कान ना, मावशी? तुम्हीच सांगा."

गिरिजाबाईंनी कान चाचपला. "हाव. डावाच."

"मग इथंच."

सही राजानंदनं केली, पण अंगठ्याला शाई लावून गिरिजाबाईंनी आपलाही ठसा उमटवला. कोणी मागितला नव्हता.

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. कारभारी चहा घेऊन आला, कोणी प्यायलं नाही. राजानंद उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. एकदा अक्षतासमोर थांबून म्हणाला, "मी नेलं ना त्यांना इथून. मीच." तिनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. आबा वाचले नाहीत तर या घरात कोण कोणाशी कसं बोलेल, हा विचार तिच्या मनातून जाईना. तो शब्द तिनं वाचला होता, मायनं बाजूची शंका काढली होती, दादानं जीप बोलावली होती. तिघांचाही त्यात हात होता.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्या तोंडावरचा मास्क काढत म्हणाल्या, "रक्त निघालं. काळं, जुनं, गाडीतल्या जळक्या ऑइलसारखं. टाके घालायच्या आतच बाहुली लहान व्हायला लागली."

"म्हंजे वाचले?"

"आज तरी वाचले. जागे कसे होतात ते बघू. थोडा उशीर झालाय. ते मी लपवणार नाही."

गिरिजाबाईंना हुंदका फुटला. सकाळपासून त्या एकदाही रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तातेरावांनी डोळे उघडले. डोक्याला पट्टी, पट्टीतून एक नळी. डॉक्टरांनी उजव्या तळहातात आपली दोन बोटं दिली. "दाबा, बाबा." सगळे त्या हाताकडे बघत राहिले. अंगठा हलला. मग बाकीची बोटं हळूहळू मिटली, आणि मिटलेली राहिली.

"सोडा आता," डॉक्टर हसून म्हणाल्या, तरी ते सोडीनात.

हात महिनाभरात बराच सुधारला. बोलणं मात्र पुरतं परत आलं नाही. काही शब्द गेले ते गेलेच. तांब्याला तांब्या म्हणायचे, पण राजानंदला कधी कधी आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायचे, आणि मग ओठ चावून गप्प बसायचे. तो 'ओ' देऊन जवळ जायचा. जीप बदनापूरपर्यंत गेली नसती तर हे शब्द राहिले असते का, हे त्यानं डॉक्टरांना एकदा विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. हे उत्तर त्याला 'हो' पेक्षा जड गेलं.

गिरिजाबाईंची भीती काही गेली नाही. धावड्याच्या घरी त्या नवऱ्याच्या आधी उठतात. आंघोळ नाही, चूल नाही. आधी त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसतात आणि विचारतात, "अवो, मी कोण?"

तातेराव डोळे न उघडता थोडा वेळ घेतात. तेवढा वेळ गिरिजाबाई त्यांचा उजवा हात धरून बसतात.

"गिरजा," ते म्हणतात. "अजून कोण असंन?"

मग त्या उठून चूल पेटवतात.